सतरा नंबरची वाघर

"सतरा. मासेमारीचं जाळं, घोड नदीचा परिसर," असं कागदावरून वाचून धनश्रीने पिवळा गोल आकडा भिंतीवर चिकटवला आणि अंगठ्याने घट्ट दाबला.

"मासं न्हाई धरत त्यात," दाराजवळच्या स्टुलावरून धुरपदा म्हणाली. "मेंढरं कोंडत्यात. वाघर हाय ती."

"असेल हो मावशी, पण पुण्याच्या सरांनी मासेमारी लिहिलंय आणि त्यांच्या आवाजात रेकॉर्डिंगही झालंय. पुढच्या वेळी दुरुस्त करू."

"आवो, पन भोकं तरी बगा. मासा काय, माशाची आख्खी वरात जाईल त्यातनं, वाजंत्र्यासकट."

धनश्रीला हसू आलं, पण आकडा काही तिने काढला नाही. ती पुढच्या वस्तूकडे सरकली आणि धुरपदा स्टुलावर तोंड फुगवून बसून राहिली.

हे दोन हजार आठ सालचं. शिरूरच्या जुन्या धान्यबाजारामागे एका शिक्षणसंस्थेची लांबोडकी खोली होती. सावळाराम गुरुजी नावाच्या चित्रकलेच्या मास्तरांनी निवृत्तीनंतर तालुकाभर सायकल हाणून जुन्या वस्तू गोळा केल्या आणि या खोलीत मांडल्या. मोट, पेरणीची पाभर, जातं, धान्य मापायची पायली, बंदुकीची दारू ठेवायचं शिंगाडं, अशा बेचाळीस वस्तू. गुरुजी होते तोवर येणाऱ्याला तेच सगळं सांगायचे. ते गेल्यावर सांगायला कोणी उरलं नाही, तेव्हा झाडूवाली धुरपदा सांगू लागली. संस्थेच्या हजेरीपटावर तिचा हुद्दा सफाई कर्मचारी असा होता आणि चौदा वर्षं तो तसाच राहिला. पण वढू बुद्रुकला समाधीचं दर्शन घेऊन परतणारी मंडळी असोत, शाळेच्या सहली असोत, नाहीतर सुट्टीच्या दिवशी कारेगावातून येणारी कंपनीची पोरं असोत, सगळ्यांना खोली दाखवायची ती धुरपदाच. बिहारच्या पोरांसाठी तिने स्वतःची हिंदी तयार केली होती. "ये मोट. बैल खिचता, पानी उपर आता, बैल उलटा जाता, मोट नीचे जाता," असं सांगताना ती स्वतःच बैल व्हायची आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत जायची. पोरं टाळ्या वाजवायची. चौथी शिकलेल्या बाईला यापेक्षा मोठा मान कुठला मिळणार होता?

आणि आता पुण्याच्या एका संस्थेतून ही धनश्री आली होती, मोबाईलवरून संग्रहालय दाखवायला. योजना तशी झकास होती. पाहुण्याने आपल्या मोबाईलवरून फलकावरचा नंबर लावायचा, वस्तूचा आकडा दाबायचा, की फोनमधून त्या वस्तूची माहिती ऐकू येणार. शेवटी टिंग वाजलं की पाहुण्याने आपली आठवण बोलायची, आणि ती पुढच्या पाहुण्याला ऐकायला मिळणार. फोन उचलायला आतल्या खोलीत एक संगणक बसवला होता. तिसऱ्या रिंगला तो फोन उचलायचा.

"तुम्ही आता निवांत बसा, मावशी," धनश्री जाताना मायेने म्हणाली. "फक्त एक करा. लोकांना मध्ये काही सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर फोन कशाला करतील ते?"

पोरगी स्वभावाने गोड होती आणि कामाला वाघ होती. तरीही धुरपदाच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच. पुण्यात बसून कोणा प्राध्यापकाने शिरूरच्या मेंढरांचे मासे केले, आणि जिने ती मेंढरं राखली तिला म्हणे गप्प बस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. धुरपदाच्या बापाने शेळ्यामेंढ्या पायी हाकल्या होत्या, म्हणून तिला ते जरा जास्तच लागलं.

शिवाय ती वाघर तिच्याच बापाची होती. गेणबा कोळप्यांची. ती अंबाडीच्या दोरीची, कमरेइतकी उंच. शेतकऱ्याच्या रानात खुंट्या ठोकून तिचं कोंडाळं करायचं, त्यात मेंढ्या बसवायच्या, आणि त्यांच्या लेंडीमुताने रान खतवायचं, असा तो धंदा. गेणबा गेल्यावर भावांनी कळप विकला आणि ते कंपनीत लागले. वाघर उकिरड्यावर पडलेली धुरपदाने पाहिली आणि डोक्यावर घेऊन तडक गुरुजींकडे आणली. गुरुजींनी पाटीवर देणाऱ्याचं नाव घालू म्हटलं, तर ती म्हणाली होती, "नगं. आमच्या बाचं नाव कंच्या रानाला लागलं न्हाई, आता जाळ्याला कशाला?" त्यानंतर ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. तिला फक्त वाघरीला वाघर म्हटलेलं हवं होतं, आणि ते म्हणणारं तोंड आपलं असावं एवढीच तिची इच्छा होती.

यंत्र सुरू झालं आणि पहिल्याच रविवारी मजा झाली. न्हावऱ्याकडचं एक कुटुंब आलं, नवरा-बायको आणि दोन पोरी. नवऱ्याने फलक वाचला, मोटेपुढे उभं राहून नंबर लावला, एक रिंग दिली आणि फोन कट केला. मग फोन तळहातावर ठेवून चौघंही त्याच्याकडे टक लावून बघू लागली. एक मिनिट झालं, दोन झाली. धाकटीने विचारलं, "पप्पा, वाजत न्हाई का?" पप्पांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. "बंद असंल," ते म्हणाले आणि चौघं चपला घालून निघून गेली.

धुरपदाला सगळं कळलं. कळणारच, कारण त्या काळात अर्ध्या तालुक्याचं बोलणं मिस कॉलवर चालत होतं. वीज आली, मोटार चालू कर, तर एक मिस कॉल. कंपनीच्या बसमधून उतरलो, भाकरी टाक, तर दोन. आणि जिथे काम समोरच्याचं, तिथे मिस कॉल द्यायचा आणि त्याच्या फोनची वाट बघायची, हा तर रिवाजच. संग्रहालयच आम्हाला सांगणार ना? मग संग्रहालयच फोन करेल, असा लोकांचा सरळ हिशेब होता. पुण्याच्या पोरीने सगळा विचार केला होता, पण इथेच घोडं पेंड खात होतं.

धुरपदा हे एका वाक्यात सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. माणसं येत होती, वस्तूपुढे फोन धरून उभी राहत होती आणि हिरमुसून जात होती, आणि ती स्टुलावरून मजा बघत होती. गप्प बस म्हणालात ना, मग बसले. महिनाभर तिने हा राग पाळला, आणि हे काही तिला शोभलं नाही.

महिन्याने धनश्री आली. संगणकातून कागद काढून तिने वाचला आणि ती मटकन मोटेच्या चौथऱ्यावर बसली.

"अकरा," ती म्हणाली. "महिन्याभरात फक्त अकरा लोकांनी माहिती ऐकली, मावशी. चारशे सतरा जणांनी एक रिंग देऊन कट केलं. लोकांना यात रसच नाही."

"मग आता?"

"आणखी दोन महिने. पोपटराव आप्पांनी सांगून ठेवलंय, तीन महिन्यांत प्रतिसाद नसेल तर खोली रिकामी करायची. इथे कॉम्प्युटर क्लास काढायचाय त्यांना. वस्तू गोदामात."

पोपटराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, मांडवगण फराट्याचे बागायतदार, निवडणुकांत मुरलेले. त्यांनी एकदा आकडा मागितला की आकडाच द्यावा लागे.

धुरपदाने भिंतीकडे पाहिलं. यंत्र चाललं तर सांगणारीची गरज नाही, आणि नाही चाललं तर खोलीच नाही. दोन्हीकडून स्टूल जाणार ते जाणारच होतं. मात्र एकीकडे वाघर भिंतीवर राहत होती आणि दुसरीकडे ती गोदामात उंदरांच्या तोंडी जात होती. तिला आपल्या महिनाभराच्या गप्प बसण्याची लाज वाटली.

"बाई," ती म्हणाली, "रस न्हाई कसा? समदी मानसं वाट बगून गेली."

"कशाची वाट?"

"तुमच्या फोनची. मिस कॉल दिला म्हंजी काय, तुमी करा असाच अर्थ हाय ना? ह्या चारशे सतरा जनांनी कट न्हाई केलं, त्यांनी बोलावलंय तुमाला."

धनश्रीने कागद पुन्हा वर धरून पाहिला. "पण मशीन उलटा फोन करत नाही हो."

"मग मानसानं करावा. द्या तो कागद हिकडं."

त्याच दुपारी खोली रिकामी असताना धुरपदाने लेकाने दिलेला मोबाईल काढला आणि कागदावरचा पहिला नंबर लावला. "हॅलो, मी शिरूरच्या संग्रालयातनं धुरपदा बोलतीया. तुमी मिस कॉल दिल्ता न्हवं? कंची वस्तू बगत व्हता?" पलीकडे न्हावऱ्याचे तेच पप्पा होते. ते कांद्याच्या वाफ्यात उभे होते. महिन्याने का होईना, संग्रहालयाने फोन केला याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी वाफ्यातूनच बायकोला हाक मारली आणि फोनचा स्पीकर लावला.

त्यातून एक भलतीच गोष्ट झाली. खोलीत येणारी माणसं बहुधा तरुण, कोणाला काही आठवत नसे. पण उलट फोन जायचा तो घरी. घरी म्हातारी माणसं असायची, आणि ती नातवाच्या हातातला फोन हिसकावून घ्यायची. "पायली म्हंतीस व्हय? कंची? घेयाची का देयाची? आमच्या गावच्या वाण्याकडं दोन व्हत्या, येक बुडाला जाड," असं एक आजोबा सांगत. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरायचा मान कुठल्या सुनेचा, यावर एका घरात फोन चालू असतानाच भांडण जुंपलं. धनश्री दर आठवड्याला येई आणि या आठवणी छोट्या रेकॉर्डरवर घेई. प्राध्यापकांच्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं ते सगळं यात होतं. आडातच नव्हतं ते पोहऱ्यात कुठून आलं असतं?

पुण्याच्या संस्थेने एक जादा मोबाईल दिला, पण लोक धुरपदाचाच नंबर सेव्ह करून ठेवत. कोणी म्युझियमवाली म्हणून, कोणी मोटवाली मावशी म्हणून.

असाच एक फोन लागला मांडवगण फराट्याला. पलीकडे कापरा, पण कडक आवाज होता.

"नातवाची सहल आल्ती तुमच्याकडं. त्यानंच ह्या फोनवरनं मिस कॉल दिल्ता. म्हनला, आजे, शाळेच्या बाईंच्या फोनवर ऐकलं, माशाचं जाळं हाय येवढ्या मोठ्या भोकाचं. कंच्या येड्यानं सांगितलं ते माशाचं?"

"मी न्हाई आक्का, यंत्र सांगतंय तसं," धुरपदा म्हणाली. "ती वाघर हाय."

"वाघरच ती! आमच्या रानात लागायची की. गेणबा धनगर मेंढ्या बसवायचा. सकाळी वाघर उचलली का मातीत चौकोन उमटायचा बग. त्येवढ्या चौकोनातली ज्वारी हातभर उंच यायची. माझा मालक बांधावरनं दावायचा, त्यो बग गेणबा बसून गेलाय. आजून त्या तुकड्याला आमी गेणबाची पट्टी म्हंतो."

धुरपदाने मान वळवून भिंतीवरच्या वाघरीकडे पाहिलं. बापाचं नाव कुठल्याच रानाला लागलं नाही, असं ती जन्मभर धरून बसली होती. आणि तिकडे मांडवगणात ते चांगलं काळ्या मातीत रुजून बसलं होतं, बोललं जात होतं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"हॅलो? हायस का गं?"

"हाय आक्का," ती डोळे पुसत म्हणाली. "मी गेणबाचीच."

त्या दिवसापासून मांडवगणच्या त्या आजी, साखरबाई, जवळजवळ रोज संग्रहालयाच्या नंबरावर मिस कॉल देत आणि धुरपदा दुपारी त्यांना फोन करी. कधी वस्तूंचं बोलणं होई, कधी नुसतंच सुनांचं.

तीन महिने भरले. अध्यक्ष पोपटराव आणि चार सभासद खोलीत खुर्च्या टाकून बसले. धुरपदाने चहा दिला आणि ती ट्रे घेऊन दाराशी थांबली. पोपटरावांनी चष्मा लावून कागद वाचला.

"ऐकनारे सव्वीस. आन् हे काय, मिस कॉल अकराशे? म्हंजी अकराशे मानसांनी फोन कट केला. धनश्रीताई, ह्याला तुमी प्रतिसाद म्हंता व्हय?"

"त्यातल्या सहाशे जणांना मावशींनी उलटा फोन केलाय, आप्पा. दोनशेच्या वर आठवणी जमल्यात. काही लोक तर पुन्हा पुन्हा मिस कॉल देतात. या एका नंबरवरून त्रेचाळीस वेळा आलाय." आणि तिने तो नंबर मोठ्याने वाचला.

पोपटराव दचकले. "हा आमच्या घरचा मोबाईल."

"आक्का बोलत्यात माज्याशी," धुरपदा दारातून म्हणाली.

सभासदांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही. धनश्रीने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि चालू केला. आईचा आवाज खोलीत घुमू लागला तसे पोपटराव सावरून बसले. ज्वारी, चौकोन, बांधावरचा मालक, सगळं त्यांनी खाली मान घालून ऐकलं.

"गेणबाची पट्टी हे मला ठावं हाय," ते सावकाश म्हणाले. "त्या पट्टीत रोज जातो मी. गेणबा कोन, हे कदी इचारलंच न्हाई."

ते उठून वाघरीपुढे उभे राहिले. मग परत येऊन बसले ते अध्यक्ष होऊनच. खोली राहील, त्यांनी सांगितलं. क्लास दुसरीकडे काढू. "आन् आसं करा ताई, त्या पुन्याच्या प्राध्यापकांचा आवाज काढून टाका. ह्या बाई इतकं फस्कलास सांगत्यात, ह्यांचाच आवाज भरा यंत्रात समदा. म्हंजी बाईंनाबी मग आराम. वय झालंच हाय त्यांचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोपटरावांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, त्यांना खरंच वाटलं की आपण बाईचा सत्कारच केला.

मंडळी गेल्यावर धनश्री धुरपदापाशी आली. तिचे डोळे भरले होते. "मावशी, तुम्ही नाही म्हणा. आवाज देऊ नका. नाही दिलात तर त्यांना तुम्हाला ठेवावंच लागेल."

धुरपदाने कपबशा गोळा केल्या. यंत्राला आवाज दिला की आपलं स्टूल जाणार, हे ती मघाशीच समजली होती, पोपटरावांचं वाक्य संपायच्या आधी.

"आन् न्हाई म्हनलं तर?" ती म्हणाली. "मी आज हाय, उद्या न्हाई. मी गेले का पुन्यांदा मासं धरतील त्यात. लावा तुमचं यंत्र."

तीन दिवस ती बोलत होती. बेचाळीस वस्तू, एकही कागद हातात न घेता. मोटेच्या वेळी ती सवयीने उलट्या पावलांनी चालू लागली, तेव्हा धनश्री माईक घेऊन तिच्यामागे धावली. यंत्राची खोडही पुण्याच्या इंजिनियरने काढली. आता मिस कॉल आला की संगणकच उलटा फोन करायचा. सतराच्या आकड्याखाली नवी पाटी लागली. वाघर, गेणबा कोळपे यांची. या वेळी धुरपदाने नावाला नको म्हटलं नाही, उलट कोळप्यातला 'को' नीट काढा म्हणून रंगाऱ्याला दटावलं. मार्चअखेर संस्थेने तिला शाल-नारळ दिला आणि सकाळी कुलूप उघडायचं काम शाळेच्या शिपायाकडे गेलं.

पहिले काही दिवस तिला फार जड गेले. हात झाडूकडे जायचे, जीभ वळवळायची, आणि ऐकायला घरात फक्त नवरा. तो गडी कांद्याच्या भावाशिवाय कशात लक्ष घालत नसे. तिने त्याला एकदा पायली समजावून सांगितली तर तो म्हणाला, "ठावं हाय."

एप्रिलमधल्या एका दुपारी ती कारेगावच्या घराच्या पडवीत मेथी निवडत बसली होती. मोबाईल एकदा वाजला आणि बंद झाला. नंबर अनोळखी होता. तिने हात पुसून फोन लावला.

"मी पूनम बोलतीये," पलीकडे एक तरुण आवाज होता. "कारेगावात कंपनीत असते. आज सुट्टी म्हणून संग्रहालयात आलेय. तुमचा नंबर इथे भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलाय कुणीतरी, सतराच्या खाली."

"यंत्र बंद हाय का?"

"नाही, चालू आहे. तुमचाच आवाज ऐकला सगळा. पण त्याला काही विचारता येत नाही ना. ह्या वाघरीत खालच्या अंगाला एक गाठ वेगळी दिसतीये. बाकी सगळ्या एकसारख्या, हीच तेवढी वाकडी. ती तशी का?"

चौदा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. गुरुजींनीसुद्धा नाही. धुरपदाने मेथीची परडी बाजूला सारली.

"ती माजी," ती म्हणाली. "नऊ वर्साची व्हते. लांडगा घुसला, वाघर फाटली. बा म्हनला, तू सांद. मी सांदली, पन गाठ चुकली. त्यानं बगितलं, हसला. आन् मग तीस-बत्तीस वरसं त्याच वाघरीत मेंढरं कोंडली, समद्या गाठी बदलल्या, येवढी कदी सोडली न्हाई."

पलीकडे पोरीची पावलं वाजली. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, हात लावू का? इथे कोणीच नाहीये."

"लाव की," धुरपदा म्हणाली. "चांगली वडून बग. सुटायची न्हाई."